बिनफेसाची बाटली

न्हाणीतून कुच... कुच... असा आवाज आला.

धाकटं लेकरू नुकतंच झोपलं होतं, घरात दुपारची सामसूम होती, आणि शिवकन्येनं सकाळपासून पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली होती. कुणीतरी भांडं घासतंय असं वाटून तिनं डोळेही उघडले नाहीत. मग तिच्या ध्यानात आलं. ओल्या कातडीवर साबण घासला की कातडी अशी कुचकुचते. बाटलीतल्या औषधानं ती कधीच कुचकुचत नाही.

बाटली वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी दिली होती. पाच वर्षांच्या राणीच्या कोपरांच्या, गुडघ्यांच्या घडीत कातडी लाल होऊन फुटायची, खाजवून रक्त यायचं. "साबण मळाबरोबर कातडीचं तेलही नेतो," बाई म्हणाल्या होत्या. "हे अमिनो ॲसिडपासून केलेलं, सौम्य आहे. फेस कमी येईल, घाबरू नका. पंधरा दिवस फक्त यानंच अंघोळ. फरक नाही पडला तर जोराचं मलम द्यावं लागेल."

जोराच्या मलमाचीच शिवकन्येला धास्ती होती. मावसबहिणीच्या पोरानं तसलं मलम महिनोन्‌महिने लावलं, तर त्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली तिनं पाहिली होती.

"ॲसिड?" तिच्या सासूबाई, सोजराबाई, बाटली पाहून म्हणाल्या होत्या. "संडास धुवायचं लेकराला लावतीस व्हय?"

"तसलं न्हाई, आत्याबाई. डाळीत, दुधात जे ताकदीचं असतं ना, त्याच्यातलंच हाय हे."

"मंग डाळीचं पीठच लाव की. घरचंच हाय."

आज तेरावा दिवस. रोज सकाळी शिवकन्या हलक्या हातानं अंघोळ घालायची, आणि रोज संध्याकाळी राणीच्या घड्या पुन्हा लालभडक. आपलंच काही चुकतंय का, की बाटलीच खोटी? विचार करायचंही तिला आता त्राण नव्हतं.

ती उठली, न्हाणीच्या दाराशी गेली. राणी दगडावर उकिडवी बसली होती, डोळे गच्च मिटून. सोजराबाईंच्या हातात कपडे धुवायची निळी वडी होती. मोरीतून पिवळं पाणी वाहत होतं. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती, आणि पोरगी दिवसभर त्यातच लोळायची.

"आत्याबाई, रोज असंच धुता का हिला?"

"मंग? तुझ्या बाटलीनं हळद निघती का? फेस न्हाई, काय न्हाई. तू बारक्याला पाजत असतीस, म्हणलं कशाला तुला तकलीफ." सोजराबाईंनी राणीच्या दंडावरून अंगठा फिरवला. कुच. "हे बघ. असं वाजलं की समजायचं, झालं साफ. हळदीच्या घरात माणूस वडीनंच धुतं, बाई."

तेरा दिवस. पण म्हातारी हे शिवकन्येला आराम मिळावा म्हणूनच करत होती. भांडायला बळ लागतं, तेही नव्हतं. तिनं वडी घेतली आणि खिडकीत उंच ठेवली. राणीच्या अंगावर दोन तांबे पाणी ओतलं, बाटलीचं औषध हातावर घेतलं आणि घडीघडीतून अलगद फिरवलं. राणीनं एक डोळा उघडला.

"आजपासून पंधरा दिवस नव्यानं मोजायचे," शिवकन्या म्हणाली. "पिवळी राहू द्या तिला. हळद जाईल आपोआप."

"लोक म्हणतील, लेकराला धूत बी न्हाईत."

"म्हणू द्या."

हात खंगाळायला सोजराबाईंनी तांब्याखाली धरले. तळव्यांवर उभ्याआडव्या भेगा, आणि भेगाभेगांतून वर्षानुवर्षांची न निघालेली हळद. राणीनं त्यातला एक हात ओढून घेतला, एका भेगेवरून बोट फिरवलं.

"आजी, वडी तुला झोंबत न्हाई?"

"मला काय धाड भरलीय!" सोजराबाई हसल्या, पण त्यांनी हात मागं घेतला.

राणी आईकडं वळली. गालावरून पाणी निथळत होतं.

"आई, आजीचे हात माझ्यापरीस जास्त फुटलेत. मंग तिला दवाखान्यात काहून न्हाई नेलं कुणी?"