नवव्या प्रकरणातली जागी आई

माझी बायको ऋजुता कादंबरीकार आहे. मी श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात. तिच्या पहिल्या दोन कादंबऱ्यांना पुण्यात काळ्या कुत्र्यानेही विचारलं नाही. तिसरीने मात्र नाव काढलं.

ती तिसरी आमच्या अड्यारच्या घरमालकीणबाईंच्या दुःखावर उभी आहे. भवानीमामी तंजावरकडच्या मराठी. घरात मराठीच बोलतात, वाचतात मात्र तमिळ. देवनागरी ना त्यांना वाचता येते ना त्यांच्या यजमानांना. भाजी निवडता निवडता त्यांनी ऋजुताला आपल्या लेकीची, संयुक्ताची हकिगत सांगितली. सासरचा जाच सोसवेना म्हणून ती एका दुपारी माहेरी आली. वडील कचेरीत, मामी निजलेल्या. दार वाजवून वाजवून ती परत गेली आणि संध्याकाळी तिने जीव दिला. समोरच्या बाईंनी तिला पायरीवर पाहिलं होतं, म्हणून एवढं तरी कळलं.

ऋजुताने हे जसंच्या तसं लिहिलं, फक्त नावं बदलली. आणि नवव्या प्रकरणात आई जागी ठेवली. आई थाप ऐकते, पण लोक काय म्हणतील या भीतीने कडी काढत नाही. समीक्षक नेमके त्याच प्रकरणावर लट्टू झाले. पुरस्कार आला, मुलाखती आल्या, आणि दर मुलाखतीत ही बया सांगू लागली, "यातला शब्द न् शब्द घडलेला आहे."

"मामींना कळलं तर?" मी विचारलं.

"त्या कुठे मराठी वाचतात," ती म्हणाली.

मग तमिळ अनुवादासाठी विचारणा झाली. मी म्हटलं, आधी मामींना विचार.

"विचारलं तर त्या नको म्हणतील. आणि अशी संधी मला पुन्हा कोण देणार?"

आम्ही कडाक्याचे भांडलो. तिने सही केली.

तमिळ पुस्तक निघालं तसं मामींच्या यजमानांनी, वेंकटरावांनी, ते हौसेने विकत आणलं. आपल्या वरच्या मजल्यावरच्या पोरीचं पुस्तक ना. वाचून झाल्यापासून ते मामींशी बोलत नाहीत. त्यांच्या हातचं जेवतही नाहीत.

आज सकाळी मामी वर आल्या. डोळे सुजलेले. ऋजुताला त्या लाडाने कण्णा म्हणतात.

"कण्णा, मी निजलें होतें, हें तुज ठाऊक आहे की. खालीं येऊन त्यांस सांग."

ऋजुता तशीच खाली गेली, मागोमाग मी. वेंकटरावांसमोर हात जोडून म्हणाली, "काका, ते जागं असणं माझ्या मनचं आहे. मामी खरंच झोपल्या होत्या."

वेंकटरावांनी पुस्तक पालथं करून बोट ठेवलं. तिथे तिचा फोटो, खाली तिचंच वाक्य तमिळमध्ये.

"शब्द न् शब्द घडलेला, हें तूंच म्हटलेंस. संयुक्ताच्या साडीचा रंग खरा. समोरची बाई खरी. मी कचेरींत होतों, तेंही खरें. येवढेंच तेवढें खोटें?"

"तसं लिहिल्याशिवाय प्रकरणाला जोर येत नव्हता, काका."

ते उठून आत गेले. मला बायकोची लाज वाटली, आणि कीवही आली.

मामी दाराशी उभ्या होत्या. ऋजुता त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला धरून उभं केलं.

"त्यांचें जाऊं दे," त्या म्हणाल्या. "तें पान मींही वाचलें, पुन्हां पुन्हां. आतां मी तेव्हां निजलें होतें की जागीच होतें, तें मज आठवेना झालें."