धाकट्याची झोप

द्झिफानं कार्ड चौथ्यांदा बसवलं, स्क्रू बोटांनीच आवळला आणि यंत्र सुरू केलं. हिरवा दिवा लागला. स्कॅनच्या चाळीसपैकी नऊ चित्रं पुढे गेली, दहा, अकरा. बाराव्याला दिवा विझला.

"मेलं पुन्हा," ती म्हणाली आणि कपाळाला हात लावून बसली.

रविवारी वीज पडून इस्पितळातल्या स्कॅनच्या यंत्राचं नेटवर्क कार्ड जळलं होतं. नवं आलं तेही तसल्याच खोक्यात, पण चिपवरचा शेवटचा आकडा सातऐवजी आठ. तेवढ्यावरून यंत्रातला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, त्याला ओळख देईना. द्झिफानं ड्रायव्हरच्या यादीत आठ नंबर घातला आणि सातचेच सगळे नियम त्याला लावले. सख्खी भावंडं, वेगळं काय असणार?

"ताई, दिवा लागला होता ना?" दारातून एसिनामनं विचारलं. तिचा नवरा सकाळी मासळीच्या ट्रकवरून डोक्यावर पडला होता, अजून शुद्धीवर नव्हता.

"लागला, आणि गेला."

"तुम्ही शिकलेली माणसं. काहीतरी करा ना!"

द्झिफाला तिच्याकडे बघवेना. कवटी नेमकी कुठे उघडायची ते चित्रं बघून राजधानीतले, अक्राचे डॉक्टर सांगणार होते, आणि या जुन्या यंत्रातून चित्रं बाहेर पडायला हे कार्ड हीच एक वाट होती. रस्त्यानं तिकडे नेलं तर तो पोचणार नाही, असं इथले सर्जन म्हणाले होते.

कोपऱ्यात इस्पितळाचा म्हातारा वायरमन एत्से मक्याच्या पिठाचं केनके खात होता. पहिला घास त्यानं खिशातल्या लाकडी बाहुल्याला लावला. बाहुला म्हणजे आत्सू, त्याचा लहानपणीच गेलेला जुळा थोरला भाऊ. जुळ्यांत एकाला दिलं ते दुसऱ्याला द्यायचंच, नाहीतर गेलेला रुसतो. एत्से हजेरीवरही आधी आत्सूचं नाव लिही आणि कारकुनाच्या शिव्या खाई.

"फो, घास कसा उतरतो हो तुमच्या घशाखाली?" द्झिफानं विचारलं. वडीलधाऱ्या एत्सेला ती फो, म्हणजे दादा म्हणे.

"मी उपाशी राहून हिचा नवरा वाचत असेल तर थुंकतो हा. हे कार्ड मरतं कधी? कामात असताना?"

"नाही. दोन चित्रांच्या मधे जरा सवड मिळते, तेवढ्यात डुलकी घेतं. वीज वाचवायचा नियमच आहे तो. सात नंबर हाक मारली की उठायचा, हे उठतच नाही."

"म्हणजे नियम थोरल्याचा?"

"हो."

एत्सेचं चावणं थांबलं. "आत्सू पेंगला की आई मलाही झोपवायची. तो एका हाकेत उठायचा, मी काही केल्या उठायचो नाही. शाळा बुडायची, मार मात्र मला. याला झोप कधी येते, हे कुणी विचारलंच नाही."

द्झिफानं ड्रायव्हरची यादी पुन्हा उघडली. तिनं आठ नंबरपुरता झोपेचा नियम काढून टाकला. चित्रं पुन्हा पहिल्यापासून सोडली.

अकरा. बारा. तेरा. एसिनाम दारातून मोठ्यानं मोजू लागली. चाळिसावं चित्र गेलं आणि ती भिंतीला टेकली. थोड्या वेळानं अक्राहून फोन आला: डावीकडे, कानाच्या वर, ताबडतोब. स्ट्रेचर धडधडत गेलं, मागोमाग एसिनाम धावली.

शस्त्रक्रियेच्या खोलीवरचा लाल दिवा लागला. आता वाट बघण्याखेरीज कुणाच्याच हाती काही नव्हतं. दुसऱ्या कुणाचं अडू नये म्हणून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना दुरुस्ती कळवायची रीत होती, आणि दोष हेरणाऱ्याचं नाव खाली द्यायचीही.

"फो, तुमचं नाव घालते. आत्सू आणि एत्से, नेहमीसारखं?"

एत्सेनं खिशावर हात ठेवला. नजर लाल दिव्यावरच होती.

"एकट्या एत्सेचं घाल," तो म्हणाला. "आत्सूला झोपू दे."