जलपरीचा शिंपला

माझी बहीण ब्रिस्बेनला राहते आणि तिला वाटतं आमच्या बेटावरच्या पोरांकडे खेळायला फक्त करवंट्या आहेत. म्हणून तिनं माझ्या लेकीला, लोसाला, जलपरीचा महाल पाठवला. ठोकळे जोडून बांधायचा. प्रवाळाचे खांब, मोत्याचं दार, आणि गच्चीवर एक शिंपला. तो दाबला की निळा उजेड पडायचा आणि खाली बसलेली जलपरी उजळून निघायची. आठ दिवस लोसा त्या महालासमोरून जेवायलासुद्धा उठत नव्हती.

मग सुट्टीला माझी नणंद वासिती आली. बरोबर सात वर्षांची कुईनी आणि दीड वर्षाचा टोमासी.

आता नणंदेची मुलं म्हणजे आमच्या नवऱ्याची भाचरं, आमच्यात त्यांना वासू म्हणतात. वासूनं मामाच्या घरात ज्या वस्तूवर हात ठेवला ती त्याची झाली. विचारायचं नाही, अडवायचं नाही. मामानं हसत हसत द्यायचं. गोठ्यातलं डुक्कर नेलं तरी हसायचं. माझा नवरा मनोआ तर असा हसतो की जणू डुक्कर त्यालाच मिळालंय! हसू दे. कुईनीनं पहिल्याच दिवशी लोसाची नवी चप्पल पायात घातली, दुसऱ्या दिवशी कंगवा उचलला. लोसा रडत माझ्याकडे आली तेव्हा मी तिचा दंड धरून स्वयंपाकघरात नेलं.

"एक शब्द काढायचा नाही. ती वासू आहे. तिनं काय नेलं हे आपण बघतसुद्धा नाही, कळलं?"

"पण आई..."

"पण नाही नि बिण नाही."

पोरीला गप्प केलं, पण माझं डोकं मात्र तापलेलंच होतं. सोमवारी सकाळी ती मंडळी बा गावच्या बसला निघाली तेव्हा मी कसाव्याच्या कंदाची साल काढत बसले, मान वर करून धड निरोपही दिला नाही.

बस गेली आणि तासाभरानं माझा धाकटा, जोने, किरकिर करायला लागला. तोही टोमासीच्याच वयाचा. लाळ गळत होती, केळं तोंडाशी नेलं तर मान फिरवत होता. दात येत असतील म्हटलं. त्याला चटईवर ठेवलं आणि सहज महालाकडे लक्ष गेलं. गच्चीवर शिंपला नव्हता.

त्या शिंपल्यात चपटी गोल बॅटरी होती. मागच्या आठवड्यात मनोआनं नवी घातली होती, आणि स्क्रू हरवला म्हणून झाकणाला चिकटपट्टी लावून ठेवली होती. "बघू नंतर," म्हणाला होता. त्याचं सगळं नंतरच असतं!

"लोसा, शिंपला कुठाय?"

लोसा अंगठ्यानं चटई उकरायला लागली.

"अगं, जोनेनं तोंडात घातला का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले, ओठ मिटलेले. मी तिला हलवलं, ओरडले, चटया झटकल्या, कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत शोधलं. मग मी जोनेला उचललं आणि रस्त्यावर धावले. मनोआ उसाच्या शेतातून तसाच आला, चिखलाच्या पायांनी.

टॅक्सीवाला राजेशभाई लौटोका शहराला निघालाच होता. मागे चौघं कोंबून बसलो. मी जोनेच्या घशाशी कान लावत होते, जणू आत काही वाजेल.

"वहिनी, रडतंय ना पोर? मग श्वास चालू आहे," राजेशभाई म्हणाला.

"तुम्ही पुढे बघून चालवा हो!" मी त्याच्यावर खेकसले.

दवाखान्यात बॅटरीचं नाव काढताच नर्सनं बाकीची रांग बाजूला सारली. बॅटरी घशात अडकली तर आतून जाळते, म्हणाली, आणि फार वेळ लागत नाही. मग क्ष-किरणांच्या खोलीत नेलं. मी बाहेर उभी राहून नखांनी भिंत खरवडत होते. देवाला काय काय कबूल केलं, आता आठवतही नाही.

डॉक्टरीणबाई चित्र हातात घेऊन आल्या. "काही नाही. पोट, छाती, घसा, सगळं साफ. दाढा येताहेत त्याला."

जोनेला इतकं घट्ट धरलं की तो आणखी भोकाड पसरून रडला. मनोआ हसायला लागला, डोळे पुसत. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग बॅटरी आहे कुठे?"

आम्ही दोघांनी लोसाकडे पाहिलं.

"आई, तू रागावशील," ती पुटपुटली.

"नाही रागावत. बोल."

"कुईनीनं नेला. तूच म्हणालीस, सांगायचं नाही."

कुईनीच्या शेजारी बसमध्ये टोमासी होता, जे दिसेल ते तोंडात घालणारा.

मनोआनं माझा फोन हातात घेतला, पण बोटं थांबली. "काय सांगू? वासूला दिलेलं परत मागतोय असं वाटेल तिला. गावात तोंड दाखवायला..."

"आण तो फोन इकडे!"

मी लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वासितीनं उचलला, आवाज ताठ.

"वहिनी, खेळण्यासाठी एवढं..."

"खेळणं गेलं खड्ड्यात! टोमासी कुठाय?"

"माझ्या मांडीवर. का?"

"काही खातोय का?"

"नाही गं. बसल्यापासून लाळ गळतेय, दूधसुद्धा ओकला." मग तिचा आवाज फोनपासून दूर गेला. "कुईनी, मामीचा शिंपला दाखव. याचं झाकण कुठाय?"

पुढचं मला ऐकू आलं नाही, फक्त वासितीची किंकाळी. नंतर कळलं, ड्रायव्हरनं सगळ्या उतारूंसकट बस दवाखान्याकडे वळवली, आणि एक म्हातारी बाजाराला नेत असलेल्या बाटलीतला मध टोमासीला वाटभर चाटवत राहिली. माझ्या हातातून फोन घेऊन नर्सनंच तसं सांगितलं होतं, मधानं घसा कमी जळतो म्हणून.

ज्या खाटेवरून मी जोनेला उचललं होतं, तिच्यावरच त्यांनी टोमासीला झोपवलं. चित्रात घशात एक पांढरं वर्तुळ दिसत होतं. मग त्याला आत नेलं, आणि दार लागलं.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बॅटरी निघाली होती. कडा काळ्या पडल्या होत्या. घसा किती भाजलाय, पोर नीट गिळू शकेल का, ते काही दिवसांनी कळेल, म्हणाल्या.

वासिती माझ्या शेजारी बाकावर बसली होती. कुईनी मनोआच्या छातीत तोंड खुपसून होती. मी वासितीचा हात धरला, तिनं सोडवून घेतला नाही.

"सकाळी तू बोलली नाहीस ना माझ्याशी," ती दाराकडे बघत म्हणाली, "तेव्हाच मला कळलं की तू रुसलीस. तुझा फोन आला तसा दिसला होता मला, दोन्ही वेळा. म्हटलं, शिंपला परत मागायला लावतेय फोन. मागितलंस तर तुलाच लाज वाटली असती. म्हणून नाही उचलला."

आतून टोमासीच्या रडण्याचा घोगरा आवाज आला, आणि आम्ही दोघी एकदमच उभ्या राहिलो.