व्याही-विहिणीने जोडलेला कॉम्प्युटर

दवाखाना विकून टाकल्यापासून डॉक्टरांच्या हातांना स्वस्थता नव्हती. सगळा जन्म लोकांच्या जबड्यात डोकावण्यात गेलेला. आता घरी बसून त्यांनी दारांच्या बिजागऱ्या आवळल्या, नळांचे वायसर बदलले आणि चांगला चालणारा मिक्सर आत कसा असतो ते बघायला उघडला. त्यानंतर तो चालला नाही. त्यामुळे लेकीच्या कॉम्प्युटरने प्राण सोडल्याची बातमी आली तेव्हा त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांचे डोळे चमकले.

लेक घरांची अंतर्गत सजावट करायची. सोफा, पडदे, खिडकीतून आत येणारं ऊन असं सगळं ती कॉम्प्युटरवर इतकं हुबेहूब रंगवायची, की गिऱ्हाइकाला घर तयार होण्याआधीच तिथे राहून आल्यासारखं वाटावं. पण अलीकडे ऊन आत यायची वेळ झाली, की तिचा कॉम्प्युटर मान टाकायचा. परवा त्याने टाकलेली मान वर केलीच नाही.

"तयार घेऊन टाकू," डॉक्टर लेकीकडे जेवायला गेले तेव्हा जावई म्हणाला. "हल्ली घरी कोण जोडत बसतं? तो जमाना गेला."

"मी जोडतो," डॉक्टर म्हणाले.

 लेकीला बहुधा मिक्सर आठवला.

"बाबा, ते मिक्सरसारखं नसतं."

"अगं, मी माणसांच्या तोंडात स्क्रू बसवलेत. ती माणसं हलायची, माझं बोट चावायची. हा बिचारा गप्प तरी बसेल!"

यावर आणखी वाद झाला असता, पण तेवढ्यात विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई, शांतपणे म्हणाल्या, "मी मदत करीन की. सूचना वाचून दाखवीन."

डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला. विहीणबाई निवृत्त ग्रंथपाल. लेकाकडेच राहायच्या. मुलांचं लग्न झाल्यापासून या दोघांचं बोलणं 'घ्या ना थोडं', 'नको, पुरे' आणि 'प्रवास बरा झाला ना?' याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. आता त्यांच्यासमोर पेचकस घेऊन, बाह्या सरसावून बसायचं म्हणजे अवघडच होतं. पण नाही कसं म्हणणार? विहीण ती विहीण.

"वा, फारच छान," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं सुट्या भागांच्या दुकानात गेले. गल्ल्यामागच्या माणसाने आधी लेकीचं काम विचारून घेतलं, मग डोकं खाजवलं. "बाजारात मेमरीचे भाव भडकलेत. आधीच सांगतो, जोडून घेतलंत म्हणून फार स्वस्त पडेल असं नाही. तयार यंत्रही जवळपास तेवढ्यालाच येतं."

"मग जोडायचं कशासाठी?" विहीणबाईंनी सरळ विचारलं. डॉक्टरांना दुकानदाराच्या आधी स्वतःच उत्तर द्यावंसं वाटलं. पण त्यांना ते येत नव्हतं.

"तुमच्या कामाला हवं ते घेता येतं, म्हणून. तुमच्या लेकीच्या कामाचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर. तिथे हात सैल सोडा, बाकी साधं घ्या. जुनं कॅबिनेट आणि डिस्क चांगली असेल तर तीच लावा. आणि उद्या एखादा भाग गेला तर तेवढाच बदलायचा, अख्खं यंत्र फेकायला नको."

"आणि अवघड किती?" विहीणबाईंनी पुढे विचारलं.

"हल्ली काही नाही हो. जी वायर जिथली, तिथेच बसते. दुसरीकडे घातली तर जात नाही. फक्त बटणाच्या बारीक वायरी पुस्तकात बघून लावा."

डॉक्टरांना रंगीत दिवे लागणारे पंखे फार आवडले होते. पण विहीणबाईंनी त्या पंख्यांकडे चष्म्यावरून असं काही पाहिलं, की त्यांनी साधेच घेतले.

रविवारी सकाळी जेवणाचं टेबल रिकामं झालं. जावई लेकीला घेऊन मुद्दामच बाजारात गेला. डॉक्टरांनी मऊ फडकं अंथरलं, त्यावर मदरबोर्ड ठेवला आणि सवयीने दिवा खाली ओढला. विहीणबाईंनी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. अगदी पहिल्या पानापासून, म्हणजे अभिनंदनापासून.

"आपण ही वस्तू निवडलीत, याबद्दल आम्ही आभारी आहोत."

"बरं."

"ओल्या हातांनी स्पर्श करू नये."

"नाही करत."

"पुढचं पानभर असंच आहे. वाचू का?"

"वाचा की," डॉक्टर म्हणाले. नको म्हणायची हिंमत कुणाची?

प्रोसेसर मात्र त्यांनी असा अलगद बसवला, की विहीणबाईही वाचायच्या थांबल्या. त्यावर उष्णता वाहून नेणारा वाटाण्याएवढा लेप, मग पंखा. डॉक्टरांना कित्येक महिन्यांनी आपले हात आपलेसे वाटले. मग मेमरीची पट्टी आली. एका टोकाला 'खट्' वाजलं. दुसऱ्या टोकाला दाबताना खालचा बोर्ड वाकल्यासारखा झाला. डॉक्टरांनी हात मागे घेतला. त्यांच्या धंद्यात काही वाकायला लागलं की थांबायचं असतं.

विहीणबाईंनी पट्टीकडे पाहिलं, पुस्तकात पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

"झालं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"छान झालं," त्या म्हणाल्या.

बटणाच्या बारीक वायरी विहीणबाईंनी लावायला घेतल्या. आयुष्यभर पुस्तकांच्या पाठींवर चिठ्ठ्या चिकटवलेला हात सराईतपणे चालत होता. पण बटणाची मुख्य वायर बोर्डावरचा एक खिळा सोडून बसली, हे डॉक्टरांनी स्वच्छ पाहिलं. सांगावं का? त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. विहिणीला तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणायचं? लेकीला याच घरात राहायचंय.

"सुरेख," ते म्हणाले.

सगळं कॅबिनेटमध्ये बसलं. विहीणबाईंनी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. यंत्र ढिम्म.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," डॉक्टर म्हणाले.

"छे छे, माझंच," विहीणबाई म्हणाल्या.

"नाही हो, तुमचं कसं चुकेल?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी डॉक्टरांनी घसा खाकरला. "विहीणबाई, जरा पाणी मिळेल का?" त्या स्वयंपाकघरात वळल्या तसे ते कॅबिनेटवर झेपावले आणि वायर योग्य खिळ्यावर सरकवली. पेला हातात येईपर्यंत ते छताकडे बघत बसले होते.

या वेळी बटण दाबल्याबरोबर पंखे गरगरले. डॉक्टरांनी टाळीच वाजवली. पण कॉम्प्युटरचा पडदा काळाच राहिला.

विहीणबाईंनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, तुम्ही वायर बदललीत."

"मी? छे!"

"कपाटाच्या काचेत दिसलं मला. चूक दिसली तेव्हाच का नाही बोललात?"

डॉक्टर लहान मुलासारखे खाली बघायला लागले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"असं? मग आता थोडं तुम्हाला वाटू दे. ती मेमरी नीट बसलेली नाही. दोन्ही टोकांना 'खट्' व्हायला हवं, पुस्तकात चित्र काढून दिलंय. तुमचं एकाच टोकाला झालं."

"आणि तुम्ही 'छान झालं' म्हणालात!"

"मुलाचे सासरे तुम्ही! काय म्हणायचं होतं मी?"

क्षणभर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी विहीणबाईंचे खांदे हसण्याने गदगदले, मग डॉक्टरांना हसू फुटलं, आणि मग दोघं खुर्च्यांना धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इतकी वर्षं दोघांनी केवढा तो शिष्टाचार सांभाळला होता!

"चला," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आधी वीज बंद. हं, आता दाबा. अहो, जोर लावा! दात उपटताना काय हळूच विनंती करत होता?"

"बोर्ड वाकतोय."

"थोडा वाकतोच, लिहिलंय. घाबरता कसले?"

डॉक्टरांनी दोन्ही अंगठे टेकवून दाबलं. खट्. इतका खणखणीत आवाज, की शेजारच्यांनाही ऐकू गेला असेल.

लेक आणि जावई पिशव्या घेऊन आत आले तेव्हा पडदा उजळलेला होता. डॉक्टर आणि विहीणबाई वायरी कुठून कशा बांधायच्या यावरून चक्क भांडत होते.

"तुम्हाला कळत नाही त्यातलं."

"आणि तुम्हाला फार कळतं!"

लेकीने घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. "आई, बाबा, काय झालं?"

"कुठे काय? तू बस आणि तुझं ऊन आण बघू आत," विहीणबाई म्हणाल्या.

लेकीने खोलीचं रखडलेलं चित्र उघडलं. पंख्यांचा आवाज थोडा चढला. पडद्यावरच्या खिडकीतून ऊन आलं, जमिनीवर सरकलं, सोफ्याच्या हातावर चढलं. कुठेही न अडखळता.  लेकीने मागे हात करून वडिलांची बाही धरली.

"पण खरं सांगा," जावयाने विचारलं, "पैसे वाचले नाहीत, सुट्टी गेली. मग मिळालं काय?"

"आता याच्या पोटात काय आहे ते आम्हाला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "बिघडला तर कुणाच्या पाया पडायला नको."

"आणि कुणालाही जमेल रे," विहीणबाईंनी जोड दिली. "बरोबरच्या माणसाला तोंडावर चूक सांगता आली पाहिजे, बस्स."

आठवडाभराने डॉक्टरांचा फोन वाजला.

"माझा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढलाय," विहीणबाई म्हणाल्या. "चालू करायचाय. या."

"येतो. तोवर हात लावू नका."

"सगळा उघडलाय. आत एवढी धूळ, की मघापासून शिंकतेय."

"मला सोडून उघडलात?" डॉक्टर खरोखरच चिडले. "तुम्ही ना, विहीणबाई, अगदीच उतावळ्या आहात!"

"मग लवकर या," पलीकडून एक दणदणीत शिंक आली, "नाहीतर जोडूनही टाकीन."

डॉक्टर एका पायात चप्पल सरकवत पेचकस शोधायला लागले.