अठ्ठाविसावा खिळा

परीक्षित देवपुजारी म्हणजे नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. नवा मायक्रोवेव्ह घरी आला, तरी हा आधी माहितीपुस्तिका वाचणार आणि मग दूध गरम करणार. नागपुरात मित्र हसायचे, अमेरिकेत, श्रूजबरीला, बायको हसायची. कॅनॉल सिटी फुटबॉल क्लबाने मात्र त्याची ही खोड बरोबर हेरली आणि त्याला कार्यकारिणीवर घेतलं. ज्याला सगळे नियम पाठ, त्याच्याच हातून एक नियम मोडावा, याला काय म्हणायचं?

क्लब शेजारच्या वूस्टर शहराचा. त्याचे मालक किती, तर सहाशे बारा. आधीचा एकटा मालक कंटाळून संघ वाऱ्यावर सोडून गेला, तेव्हा गावातल्या बेकरीवाल्यांनी, नर्सांनी, बसड्रायव्हरांनी गणपतीची काढावी तशी वर्गणी काढली आणि संघ चालवायला घेतला. ऑफिसातल्या मित्राच्या भिडेखातर परीक्षितनेही पावती फाडली आणि बघता बघता तो त्यात आकंठ बुडाला. लीग खालच्या दर्जाची, खेळाडू दिवसभर कामं करून संध्याकाळी सरावाला येणारे. बचावफळीतला क्वाबेना मूळचा घानाचा. हॉस्पिटलात पेशंटना उचलून खाटेवर ठेवायचं काम करायचा आणि रविवारी समोरच्याच्या पायातून चेंडू काढायला जिवाच्या कराराने गवतावर घसरायचा.

२००५ सालच्या जुलैतला तो रविवार म्हणजे मोसमातला शेवटचा सामना. जिंकला तर क्लब लीगमध्ये राहणार, नाहीतर नाव कमी. आणि एकदा नाव कमी झालं की सहाशे बारा लोक पुन्हा वर्गणी काढणार नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आता क्रिकेटचं सांगायला हवं. त्याच मैदानावर रविवारी सकाळी आपली मंडळी क्रिकेट खेळत. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे आयटीवाले आणि चार-पाच विद्यार्थी. मैदानाची राखण करायचा डोलन नावाचा म्हातारा. उभी हयात तारेच्या कारखान्यात गेलेली, आणि आता सगळा जीव गवतावर. त्याच्या गवतावर खेळाडूंखेरीज कुणी बूट घालून पाऊल टाकायचं नाही. हाफ-टाइमला मालकांची पोरं या गोलपासून त्या गोलपर्यंत धावायची, ही क्लबाची प्रथाच होती, पण तीसुद्धा अनवाणी. असा माणूस मैदानाच्या मधोमध क्रिकेटची मॅट अंथरू देईल कशाला? परीक्षितने महिनाभर त्याची मनधरणी केली. मॅट जमिनीला धरून ठेवायला वीतभर लांबीचे खिळे लागत. मोजून अठ्ठावीस. खेळ झाला की ते उपटायचे, आयसेलिनच्या भारतीय बाजारातून आणलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे आणि डोलनसमोर मोजायचे. एक जरी कमी पडला तरी तो सापडल्याशिवाय फुटबॉल सुरू होणार नाही. हा नियम खुद्द परीक्षितनेच लिहून दिला होता, खाली सहीसकट.

त्या दिवशी सकाळी शेवटच्या षटकात एक रनआउट झाला आणि त्यावरून जुंपली. बाद की नाबाद, यावर अकरा पदवीधरांनी पंचवीस मिनिटं घसा कोरडा केला. आपल्याकडे सामना एकवेळ संपतो, वाद संपत नाही. तेवढ्यात पाहुण्या संघाची बस दारात येऊन उभी राहिली. मग एकच पळापळ. इंजिनिअरिंगला शिकणारा प्रथमेश खिळे उपटून डब्यात फेकत होता, दोघं मॅट गुंडाळत होते. मैदानावर पांढरे पट्टे आखायची गाडी ढकलत डोलन आला.

"मोजले?" त्याने विचारलं.

"मोजले," परीक्षित म्हणाला.

मोजले नव्हते. पण दर रविवारी अठ्ठावीसच भरत, आजही भरतील, असं त्याला वाटलं. डोलननेही डब्यात डोकावून पाहिलं नाही. नियम लिहिणाऱ्या माणसावर अविश्वास कशाला दाखवायचा?

घाईत डबा आणि मॅट प्रथमेशच्याच गाडीतून त्याच्या घरी गेले. सामना सुरू झाला. बायको गिरिजा आणि नऊ वर्षांची मुलगी इशिता परीक्षितच्या शेजारी लाकडी बाकावर बसल्या होत्या. बाविसाव्या मिनिटाला परीक्षितचा फोन वाजला.

"परीक्षितदादा, एक लोचा झालाय यार." प्रथमेशचा आवाज पडलेला होता. "नेल्स सत्तावीसच आहेत."

परीक्षित उठून बाकांच्या मागे गेला. "नीट मोज."

"तीनदा मोजले. डबा कार्पेटवर उलटा केला."

"मॅटमध्ये अडकला असेल."

"मॅट उघडून झटकली. कारची ट्रंक पण चेक केली. दादा, रेफरीला सांगा ना. मॅच थांबवा."

"बघतो. ठेव तू फोन."

त्याने फोन ठेवला. लीगचा चौदावा नियम त्याला तोंडपाठ होता. यजमानांच्या चुकीने मैदान धोक्याचं ठरलं तर सामना तिथेच थांबवायचा आणि पाहुण्यांना विजयी ठरवायचं. म्हणजे तोंड उघडलं की क्लब संपला. आणि तोही कुणामुळे, तर मैदानावर खिळे ठोकायला परवानगी मागणाऱ्या देवपुजारीमुळे. नाही उघडलं, तर वीतभर लोखंड गवतात कुठेतरी आहे आणि त्यावरून बावीस माणसं धावताहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग त्याच्यातला इंजिनिअर वकिली करू लागला. मैदान केवढं, खिळा केवढा. पाय नेमका त्यावरच पडण्याची शक्यता किती. खिळा आडवा पडला असेल. कदाचित मैदानात नसेलच, पार्किंगमध्ये सांडला असेल. सामना संपल्यावर लगेच शोधू, अगदी शिट्टी वाजल्या वाजल्या. हे सगळं त्याला पटत होतं, आणि पटत असतानाच नजर गवत धुंडाळत होती. डोलन पलीकडच्या कोपऱ्यात झेंड्याजवळ उभा होता. तीस पावलांवर. परीक्षित दोनदा तिकडे निघाला आणि दोनदा परत येऊन बसला.

मैदानाच्या मध्यावर क्वाबेना घसरला. मांडी आणि गुडघा गवतावरून फरफटत गेले आणि त्याने चेंडू काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षितने डोळे मिटले. उघडले तेव्हा क्वाबेना उभा होता. एक.

एकतिसाव्या मिनिटाला गोल झाला. कॅनॉल सिटीचा! सगळे बाक उठून उभे राहिले, बेकरीवाल्या बाईने अनोळखी माणसाला मिठी मारली.

"अरे, बसलायस काय असा? आपण लीड केलंय!" गिरिजा त्याचा दंड हलवत म्हणाली.

तो उठला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. पुढे पाहुण्यांनी चढाई केली, क्वाबेना पुन्हा घसरला. दोन. चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा, आणि या वेळी घसरून झाल्यावर तो क्षणभर उठला नाही. परीक्षित बाकावरून अर्धवट उठला. क्वाबेना नुसता मोजा वर ओढत होता. मग उठून धावला. चौथ्यांदा घसरला तो हाफ-टाइमच्या जेमतेम मिनिटभर आधी.

शिट्टी झाली. एक-शून्य. परीक्षितने श्वास सोडला. अर्धं निभावलं, आणखी पंचेचाळीस मिनिटं. त्याच्या डोक्यात फक्त तेवढंच होतं.

"बाबा, होल्ड माय सॉक्स," इशिता म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. तिने बूट काढून बाकाखाली नीट ठेवले होते आणि मोज्यांचा बोळा त्याच्यापुढे धरला होता. खाली गोलच्या रेषेवर पोरं गोळा होत होती. तीस-चाळीस तरी असतील, सगळी अनवाणी. डोलन गळ्यातली शिट्टी चाचपत उभा होता. आणि पोरं धावणार ती मैदानाच्या बरोबर मधून.

त्याने तिचं मनगट धरलं.

"लेट गो, बाबा! एव्हरीवन्स गोइंग!"

"तू नाही जायचं."

"व्हाय?"

"नाही म्हटलं ना!" तो इतका मोठ्याने ओरडला की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले. इशिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं रे?" गिरिजाने विचारलं. "जाऊ दे की तिला."

"तिला नको पाठवू. गवतात काहीतरी असेल."

"काय असेल?"

गिरिजाने त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग मैदानाच्या मध्याकडे. तो श्रीखंडाचा डबा दर रविवारी तिच्याच ओट्यावर येऊन बसायचा. तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

"खिळा?"

त्याने मान डोलावली.

"आणि ती पोरं रे?" ती म्हणाली. "ती कुणाचीच नाहीत?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण त्याने लहानपणी वहीत दहादा लिहून काढली असेल. आज ती त्याच्या गालावर उमटली. त्याने इशिताचा हात गिरिजाच्या हातात दिला आणि पळत सुटला. बाकं ओलांडताना कुणाचं सरबत सांडलं, कुणी शिवी दिली. तो कुंपणावरून उडी मारून मैदानात उतरला आणि त्याच क्षणी डोलनने शिट्टी वाजवली.

पोरं सुटली. परीक्षित मध्यभागी पोचला आणि दोन्ही हात पसरून त्यांच्या वाटेत उभा राहिला.

"थांबा! थांबा रे! पुढे येऊ नका!"

फुटबॉलच्या गर्दीसमोर मैदानात उतरून तो पहिल्यांदाच मराठीत ओरडला होता. एकालाही शब्द कळला नाही, पण हात पसरून गळा फाडणारा माणूस सगळ्यांना कळतो. पुढची पोरं थबकली, मागची त्यांच्यावर आदळली, दोघं-तिघं पडून रडायला लागली. त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर सगळा घोळका थांबला.

मग बोलावंच लागलं. त्याने आधी डोलनला सांगितलं, नंतर रेफरीला. पोरांना एकेक करून उचलून बाहेर नेलं. दोन्ही संघांचे खेळाडू, डोलन आणि वीस-पंचवीस मालक मैदानाच्या मध्यावर रांगेत गुडघ्यांवर बसले आणि हाताने गवत चाचपत पुढे सरकू लागले. परीक्षितच्या मनात अजूनही एक चोर बसलेला होता. न सापडला तर बरं, म्हणजे पार्किंगमध्येच पडला असेल आणि सामना पुढे सुरू होईल.

डोलनचा हात थांबला. त्याने गवत बाजूला केलं. खिळा अर्धवट उपटलेला होता, तिरका, बरोबर गवताच्या उंचीएवढा वर आलेला. माथ्याची चकती कुठेतरी तुटून पडली होती आणि वर नुसतं टोकदार लोखंड उरलं होतं. त्याच्यापासून दोन वितींवर गवत लांबच लांब घासून काळी माती वर आली होती. क्वाबेना तिथून घसरला होता.

रेफरीने चौदावा नियम वाचून दाखवला. परीक्षितचे ओठ त्याच्याबरोबर हलले. पाहुण्यांचा कप्तान मान खाली घालून हात मिळवून गेला. सामना संपला, आणि क्लबही. डोलनने खिळा उपटून परीक्षितच्या तळहातावर ठेवला.

"तू म्हणालास, मोजले," एवढंच तो बोलला आणि पट्ट्यांची गाडी घेऊन निघून गेला.

आता लोकांनी शिव्या द्याव्यात, अशी परीक्षितची तयारी होती. घडलं भलतंच. बेकरीवाल्या बाईचे दोन नातू त्या घोळक्यात होते. तिने येऊन त्याचे हात धरले. एका बसड्रायव्हरने पाठ थोपटली. क्लब गेला तर गेला, पोरं वाचली, असं जो तो म्हणू लागला. कळल्याबरोबर धावला बिचारा, स्वतःच्या क्लबाची पर्वा केली नाही, असंही कुणीतरी म्हणालं. परीक्षितने ते ऐकलं आणि खोडून काढलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर त्याला बरंही वाटलं. गिरिजा इशिताच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. तिने वर पाहिलं नाही.

क्वाबेना गवतावर बसून पायावरचं प्लॅस्टिकचं कवच सोडत होता. त्याच्या मांडीवर मातीचा लांब पट्टा उठला होता.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

आजूबाजूला दहा-बारा लोक उभे होते. हाफ-टाइमला, एवढा एक शब्द म्हटला असता तरी भागलं असतं. कुणी पडताळायला येणार नव्हतं. परीक्षितने मुठीतला खिळा घट्ट आवळला.

"बाविसाव्या मिनिटाला," तो म्हणाला.

बेकरीवाल्या बाईने त्याचा हात सोडला.

क्वाबेना त्याच्याकडे बघत राहिला. "त्यानंतर मी घसरलो."

"हो. चार वेळा."

"मोजत होतास?"

"हो," परीक्षित म्हणाला. "मोजत होतो."