जेवणानंतरच्या पट्ट्या

मावशीचा हात चुकत नाही, असं सगळे म्हणायचे आणि मावशीही ते कधी नाकारायची नाही. तीस वर्षं जाळीच्या चौकटीतून शाई ओढून तिने दुकानांच्या पाट्या आणि खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे छापले होते. म्हणून तर प्रयोगशाळेने तिला बोलावून घेतलं. इथे कार्बनच्या काळ्या शाईने बोटभर पट्ट्या छापायच्या होत्या. त्यांवर केमिस्टबाई रसायन चढवायच्या. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की बारीकशी वीज वाहते, आणि ती मोजून हातातलं यंत्र दोन मिनिटांत किडनीचा आकडा सांगतं.

या दोन मिनिटांसाठी मावशीचा जीव तुटायचा, तो थोरल्या बहिणीपायी. तिच्या किडन्या थकलेल्या. दर पंधरवड्याला दोन दिवसांचे कपडे पिशवीत भरून ती बसने मोठ्या हॉस्पिटलात जायची, रक्त द्यायची, बाकावर रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी आकडा घेऊन परतायची. धाकटीकडे चार दिवस राहायला येण्याचं त्राण तिच्यात उरायचंच नाही.

पण पट्ट्या दोनदा नापास झाल्या. चाळीसपैकी अकरांचे आकडे हॉस्पिटलच्या मोठ्या यंत्राशी जुळेनात. आता शुक्रवारी शेवटची संधी होती. ती हुकली की काम बंद.

केमिस्टबाईंनी नापास पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या आणि त्या डोकं धरून बसल्या होत्या. मावशी सहज वाकली. प्रत्येक पट्टीच्या मागे तिनेच पेन्सिलने तावाचा क्रमांक टाकलेला होता; सवय जुनी. तेवीस, सव्वीस, एकतीस. विसाच्या आतली एकही नाही. आणि पहिले वीस ताव तर ती जेवणाआधी काढायची.

मावशीला दुपारची शाई आठवली. जेवून येईपर्यंत शाई घट्ट व्हायची, मग ती चमचाभर थिनर ढकलायची. सगळेच छपाईवाले ढकलतात. ते कोणी कोणाला सांगतं? भाजीत वरून मीठ टाकलं तर बाई काय वही काढून लिहून ठेवते?

मूग गिळून बसता आलं असतं. तीस वर्षांचं नाव होतं. मावशीने पदराने कपाळ टिपलं आणि बोलून टाकलं.

"बाई, तुमच्या रसायनाला बोल लावू नका. माझंच चुकलं. दुपारी मी शाई पातळ करते."

"पातळ? कशाने?"

"थिनरने."

"किती?"

"अंदाजाने."

"अंदाजाने!" केमिस्टबाईंनी डोकं वर केलं आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मावशी, शाई पातळ झाली की पट्टीतली वीजही बदलते, आणि तीन महिने मी त्या रसायनाला शिव्या घालतेय हो!"

"मग आता मला घाला. आणि शाईचा नवा डबा द्या."

मावशीने कानाला खडा लावला. थिनरची बाटली कपाटात कोंडून किल्ली केमिस्टबाईंच्या हवाली केली. शाई थोडी थोडी काढायची, डब्याला झाकण, अर्ध्या तासाने ताजी. दुपारचा ताव तिने सकाळच्या तावाशेजारी धरून उजेडात तिरका करून पाहिला. दोन्ही सारखेच काळेभोर होते.

शुक्रवारी हॉस्पिटलात केमिस्टबाई पट्टीचा आकडा वाचत आणि हॉस्पिटलचा तंत्रज्ञ मोठ्या यंत्राचा. दहा जुळले. वीस जुळले. तिसाव्याला तंत्रज्ञ खुर्ची सरकवून उभाच राहिला. चाळिसावा जुळला तेव्हा केमिस्टबाईंनी अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या रांगेतली माणसं दारात गोळा झाली. मावशी नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली. आनंदाने तिला रडू फुटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

परवानग्यांमध्ये वर्ष गेलं. मग एका सकाळी थोरलीचा फोन आला, तिच्या गावच्या दवाखान्यातून.

"अगं, नर्सने बोटाला टोचलं, आणि पिशवी खाली ठेवायच्या आत आकडा सांगितला! मागच्यापेक्षा बरा आहे म्हणे. आता सवयीने भरून आणलेले हे दोन दिवसांचे कपडे घेऊन मी जाऊ कुठे?"

"माझ्याकडे ये," मावशी म्हणाली.