कडू खांब आणि कूलरची ओल

मित्रांनो, मी कडुलिंबाचा एक जुना खांब आहे. माझ्याखाली एक बाई मेली, हे आधीच सांगतो.

लोहा गावाजवळच्या बांधावर मी वाढलो. सुताराने तासून मला लातूरकडच्या एका गावात, रामलिंगच्या घरात उभं केलं. डोक्यावर मातीचं हातभर जाड छत होतं. घर कोरडं, म्हणून वाळवी माझ्याकडे फिरकली नाही. मग १९९३चा भूकंप आला. दगडी भिंती फुटल्या, छत कोसळलं आणि मी रामलिंगच्या बायकोच्या, तारामतीच्या, छातीवर आदळलो. माझं दुसरं टोक जोत्यावर अडकलं. त्या फटीत रामलिंग तेवढा जगला.

म्हणून त्याने मला टाकलं नाही. लातुरात घर बांधून शिकवणीसाठी आलेल्या मुलींना खोल्या भाड्याने दिल्या आणि एका खोलीत फरशी फोडून मला मातीत रोवलं. माझ्यावर माळा, माळ्यावर लोखंडी पेट्या आणि पुस्तकांची पोती.

उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते. वाळवी ओल शोधत खोल जाते, आणि लोकांना वाटतं, ती मेली. माझ्या बुडाशी मात्र खोलीतल्या कूलरचं पाणी झिरपायचं. भाजलेल्या मातीत तेवढीच ओल. वाळवी तिथूनच चढली आणि मला आतून पोखरत सुटली.

त्या खोलीत हदगावची आरती राहायची.

"काका, खांबावर मातीच्या रेघा आल्यात. ठोकलं की पोकळ वाजतोय."

"लिंबाचा हाय तो, कडू! वाळवी तोंडबी लावत न्हाई." रामलिंगने रेघा झाडूने झाडून टाकल्या. "भूकंपाला दबला न्हाई तो. तू डॉक्टर व्हायला आलीस का सुतार?"

आरतीने कंपासपेटीतलं कर्कटक माझ्यात खुपसलं. टोक सगळं आत गेलं. भोकातून पांढरे किडे बदाबदा सांडले.

"आता बघा!"

तो बघायला वाकला आणि मी मधोमध फुटलो. माळा कडाडला. रामलिंगने आरतीला दाराबाहेर ढकललं. पेट्या त्याच्या खांद्यावर आदळल्या, हाड मोडलं, फरशीवर रक्त पसरलं.

दवाखान्यातून तो गळ्यात हात बांधून आला. माझ्या तुकड्याजवळ बसून त्याने पोकळ लाकडावर बोटाने ठोकलं. मग म्हणाला, "आरती, कुऱ्हाडवाल्याला बोलीव. आन् तो कूलर खिडकीभाईर काढ."

घाव बसले तेव्हा मला राग आला नाही. मित्रांनो, लाकूड कोणतंही असो, त्याच्या बुडाशी पाणी मुरू देऊ नका. उन्हाळा लागला की ठोकून ऐका. आवाज पोकळ आला, तर माझ्यासारख्यावर माया करू नका.